बाईंचा शोषखड्डा

३ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाला सामानाचा टेम्पो आला, दुपारी दोनपर्यंत सगळं घरात लागलं. एक बशी फुटली. टेम्पोवाल्याने विचारलं, एकट्या माणसाला एवढी भांडी कशाला. मी सांगितलं, पुढच्या एक तारखेला मुलगी राहायला येणार आहे आणि जूनमध्ये तिसरं माणूस. त्यावर तो म्हणाला, मग भांडी कमीच आहेत. बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे फरशीचं अंगण आणि अंगणात विहीर. दोर सोडून मोजली. खोली बावीस फूट, पाणी चौदा फुटांवर. एकतीस वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे पेलाभर पाणी उजेडात धरून पाहिल्याशिवाय राहवलं नाही. नितळ आहे.

घर हिने पसंत केलेलं. मूत्रपिंडाचा आजार, त्यामुळे डॉक्टरांनी दिवसाला साडेसातशे मिलिलिटर पाणी ठरवून दिलं होतं. मोजपात्र माझ्याकडे. त्या दिवसांत हिने जाहिरातीत विहिरीचा फोटो पाहिला आणि म्हणाली, हेच घ्या. ताबा मिळायच्या आधी ही गेली. सात महिने झाले. आज विहिरीचं पहिलं पाणी प्यालो तेव्हा हिची आठवण झाली. ही गार पाण्यावरसुद्धा फुंकर घालून प्यायची. पेला लवकर संपू नये म्हणून.

जुन्या घराला बेचाळीस पायऱ्या होत्या. ही पुटपुटत मोजायची आणि दर वेळी एकेचाळीस भरायच्या. एक पायरी कुठे जाते ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या खोलीत हिचा फोटो लावला. भिंतीत खिळा आधीच होता, खाली चौकोनी फिकट डागही.

ही वही मुलीने दिली. बोलत नाही तर लिहा तरी, म्हणाली. लिहिताना मी हिला 'ही'च म्हणणार. हाक मारायची तर 'अगं', दुसऱ्याला सांगायचं तर 'आमची ही'. नाव तोंडाने कधी घेतलं नाही. आता कागदावर घेतलं तर परक्या बाईबद्दल लिहिल्यासारखं वाटेल.

४ फेब्रुवारी

सकाळी दाराबाहेरच्या ओट्यावर पाच लिंबं आणि एक चिठ्ठी. 'नवे शेजारी, फळं आंबट आहेत पण रसाळ आहेत.' अक्षर शाळेत गिरवून घेतात तसं. 'ळ'ची शेपटी मात्र गळासारखी वर वळवलेली.

दुपारी शेजारीणच भेटायला आली. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या. गल्ली त्यांना बाई म्हणते. नोकरी सुटली, शिकवणं सुटलं नाही. मी चपला उलटसुलट ठेवल्या होत्या, त्या मला सरळ करायला लावल्या. प्रत्येक गोष्टीला हसतात. एवढा हलका माणूस मी पाहिला नाही.

चहाला त्यांच्याकडे गेलो. भिंतीवर एका तरण्या मुलाचा फोटो होता. चिरंजीव का, विचारलं. म्हणाल्या, नाही हो, घराबरोबरच आला. चेहरा बरा आहे म्हणून काढवत नाही.

६ फेब्रुवारी

निजायच्या खोलीची मागची खिडकी आज उघडली. समोरच सिमेंटचं गोल झाकण. बाईंच्या संडासाची टाकी पलीकडे आहे, आणि टाकीतलं पाणी जिरवायचा शोषखड्डा अलीकडे. शोषखड्डा म्हणजे विटांचा बिनगिलाव्याचा गोल खड्डा. पाणी फटींतून जमिनीत मुरतं. टेपने मोजलं. खड्डा माझ्या भिंतीपासून चार फूट, विहिरीपासून अकरा फूट. आम्ही लोकांना किमान पन्नास फूट अंतर सांगत आलो.

मुलगी पोटुशी आहे. जावई बोटीवर, पावसाळ्याआधी परतायचा नाही. ती इथे येऊन हेच पाणी पिणार. विहीर सुरक्षित करायला माझ्याकडे तीन आठवडे आहेत.

बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अकरा वर्षांत माझा खड्डा एकदाही भरलेला नाही. हुशार विद्यार्थ्याबद्दल बोलावं तसं बोलल्या.

७ फेब्रुवारी

पाणी उकळून प्यायला सुरुवात केली. वास अजिबात नाही. खड्डा इतका जवळ आणि वास नाही, हे मला पटत नाही.

९ फेब्रुवारी

दिवसभर घशाला शोष. आठ पेले पाणी झालं तरी जिभेला चिकटा.

शोष हा हिचा शब्द. तहान लागली असं कधी म्हणाली नाही. घशाला शोष पडलाय, म्हणायची, आणि माझ्याकडे न बघता मोजपात्राकडे बघायची.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, मुलीलाही नाही. शेवटच्या संध्याकाळी साडेसातशे संपलं होतं. ही म्हणाली, "एक घोट द्या." मी मोजपात्र उचलून दाखवलं आणि म्हटलं, "आजचं संपलं. आता उद्या." ही बरं म्हणाली आणि भिंतीकडे वळली. पहाटेच्या आत गेली. एका घोटाने काही बिघडणार नव्हतं. मला ते माहीत होतं. माझी नोकरीच ती होती.

लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही, आणि ते ठीकच आहे. हे बरं व्हावं अशी माझी इच्छा नाही. हिचं माझ्याकडे एवढंच उरलंय.

वही मिटताना खिडकीमागून आवाज आला. फार तहानलेला माणूस पहिला घोट घेतो, तसा.

११ फेब्रुवारी

पालिकेच्या कचेरीत अर्ज दिला. कारकुनाने चष्मा कपाळावर ढकलून मोठ्याने वाचला. "शेजाऱ्यांचा शोकखड्डा माझ्या विहिरीपासून अकरा फुटांवर असून..." मग माझ्याकडे पाहिलं. "साहेब, शोकासाठी आमच्याकडे टेबल नाही. आरोग्य आहे, बांधकाम आहे, भटकी कुत्री आहेत."

मागच्या रांगेतली माणसं हसली. मीही हसल्यासारखं केलं. अर्ज परत घेऊन 'क' खोडला आणि 'ष' केला. एकतीस वर्षं अहवाल लिहिले, एक अक्षर चुकलं नव्हतं. गंमत म्हणजे अर्जात तो शब्द सहा ठिकाणी होता आणि सहाही ठिकाणी 'क'.

निरीक्षक एकोणीस तारखेला येतील.

१३ फेब्रुवारी

तोवर हातावर हात ठेवून बसवत नाही. गळती शोधायला आम्ही एक हिरवा रंग वापरायचो. त्याची बाटली माझ्याकडे आहे. संशयाच्या ठिकाणी रंग ओतायचा आणि विहिरीवर नजर ठेवायची. हिरवं आलं की पुरावा झाला. बाईंनी संडासात रंग ओतू दिला. म्हणाल्या, निकाल लागला की प्रगतिपुस्तक आणा, सही मी करीन.

दर दोन तासांनी नमुना काढतोय.

१६ फेब्रुवारी

तीन दिवस झाले. विहिरीत रंगाचा थेंबही नाही. खरं तर आनंद व्हायला हवा. पण विहिरीचं पाणी दीड फूट उतरलंय, आणि मी दिवसाला चार बादल्यांच्या वर काढलेलं नाही.

मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याला बोलावलं. जाडजूड माणूस, खांद्यावर पंपाची नळी. पहारीने झाकण सरकवलं, मला मागे उभं केलं, आतला वायू जाईपर्यंत पाव तास थांबला. मग विजेरी मारली.

खड्डा कोरडा होता. ओल नाही, घाण नाही, माझा रंगही नाही. विटा भट्टीतून काढल्यासारख्या लाल. अकरा वर्षांचा वापर आणि उपसायला चमचाभर काही नाही.

गाडीवाल्याने नळी परत गुंडाळली. मी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. तो नेहमी थट्टा करणारा माणूस असावा, पण हसला नाही. म्हणाला, "भरलेल्या खड्ड्याला भ्यायचं नसतं, साहेब. त्याचं पोट भरलेलं असतं. याचं अजून भरलेलं नाही."

जाताना म्हणाला, बुजवता आला तर बुजवा.

१८ फेब्रुवारी

आज उलट करून पाहिलं. सकाळी आठला उरलेला रंग माझ्याच विहिरीत ओतला. दहाला पहार घेऊन झाकण सरकवलं.

खड्ड्याची माझ्या घराकडची बाजू हिरवी ओली होती. विहिरीतलं पाणी आता सोळा फुटांवर आहे. खड्ड्याच्या विटा तीन फुटांवर भिजलेल्या. म्हणजे पाणी तेरा फूट वर चढलं. पाणी उताराला जातं, एवढं तरी मला खात्रीने माहीत होतं.

मी पाहत होतो तोवर हिरवं विटांत शिरलं. आत ओढलं गेलं. वीट कोरडी झाली. आणि तोच घोटाचा आवाज, आता पायाखालून.

म्हणजे बाईंच्या खड्ड्यातलं माझ्याकडे येत नाही. माझंच तिकडे जातं.

खड्ड्याच्या काठावर उभा असताना मी हिच्या कुठल्यातरी सवयीचा विचार करत होतो. घरात आल्यावर कुठल्या ते आठवेना. अजून आठवत नाही.

१९ फेब्रुवारी

निरीक्षक आले. खड्डा पाहून खूश झाले. सगळ्या भागात एवढा स्वच्छ खड्डा नाही म्हणाले, बाईंना तसं लिहून शिक्का मारून दिलं. मला म्हणाले, तक्रार कशाची आहे? त्यांची घाण तर तुमच्याकडे येत नाही.

मी म्हटलं, "माझं तिकडे जातं."

"काय जातं?"

मी विहिरीकडे बोट दाखवलं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि निघाले.

२० फेब्रुवारी

मागची पानं वाचली. तीन तारखेला लिहिलंय की ही जिन्याच्या पायऱ्या मोजायची. जिना आठवतो. भिंतीचा पोपडा आठवतो, दुसऱ्या मजल्यावरचा बंद पडलेला दिवा आठवतो. मी चढतोय. शेजारी कुणी नाही.

आणि आज पाणी पिताना मी पेल्यावर फुंकर घातली. गार पाणी होतं. का घातली हे वही वाचल्यावर कळलं.

२१ फेब्रुवारी

बाईंकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "सुरुवातीला त्रास होतो. मग हलकं वाटतं."

मी विचारलं, माझ्या घरात आधी कोण होतं. एक गृहस्थ होते म्हणाल्या. आले तेव्हा दिवसदिवस रडायचे, भिंतीतून ऐकू यायचं. महिन्याभरात सुधारले. घर विकून शीळ घालत गेले. कुणासाठी रडायचे, विचारलं. ते त्यांनाच सांगता येईना, म्हणाल्या, आणि हसल्या.

मला राहवलं नाही. भिंतीवरचा त्या मुलाचा फोटो खाली काढला आणि उलटा केला. मागच्या पुठ्ठ्यावर शाईने लिहिलं होतं, 'माझं बाळ, शाळेत पहिलं आलं तेव्हा.' दोन्ही 'ळ'च्या शेपट्या गळासारख्या वर वळलेल्या.

खिशात लिंबांची चिठ्ठी होती. ती पुठ्ठ्याशेजारी धरली. बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिल्या. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील.

"अक्षर छान आहे," म्हणाल्या. "कुणाचं हो?"

मी फोटो परत टांगला. तिरका राहिला. त्यांनी बोटाने सरळ केला, चपला सरळ करतात तसा.

२२ फेब्रुवारी

वाळूची गाडी मागवली. बाईंना विचारलं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत एकट्याने घमेली टाकली. एकशे दहापर्यंत मोजली. खड्डा काठोकाठ भरला, वरून फावड्याने थोपटला. हातांना फोड आले. बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

झाकण सरकवलं. वाळू नाही. कण नाही. विटा लाल.

विहीर सतरा फुटांवर.

विहिरीचं पाणी बंद केलं. बाजारातून पाण्याचे पाच मोठे डबे आणले. दीड डबा संपला. पोट फुगलं, शोष जात नाही. ओठ फुटले. दुपारी हरलो. विहिरीचं अर्धा पेला घेतलं. एका घोटात शोष गेला. छातीवरचं ओझं उतरावं तसं काहीतरी उतरलं.

काय उतरलं? हिचा आवाज. 'घशाला शोष पडलाय' हे शब्द मला पाठ आहेत, पण ते आता माझ्याच आवाजात ऐकू येतात.

२४ फेब्रुवारी

मुलीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं, पाणी वाईट आहे. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला सगळंच पाणी वाईट दिसतं. घर सोडलंय, मालकाला किल्ली दिलीय, गाडीचं तिकीट काढलंय. मी म्हटलं, मैत्रिणीकडे राहा. कुठेही राहा.

ती ऐकेना. मग म्हणाली, "आईने पसंत केलेलं घर आहे म्हणून येतेय. इथे एकटीला धड रडताही येत नाही, बाबा."

हे आधी का सुचलं नाही? ती सात महिन्यांचं रडं घेऊन येणार. खड्ड्यापासून चार फुटांवर निजणार. तिची आई — आणि पोटात जे आहे ते, त्याच्यासाठी लागणारं सगळं —

मी विचारलं, तुझ्या आईचं नाव काय गं?

फोनवर हुंदका. "आई होती ती, बाबा. असं काय विचारता?"

नाव तिनेही सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी

गाव सोडायचं ठरवलं. पिशवी भरली. बसथांब्यावर पोचेपर्यंत जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांपुढे अंधारी. तिथल्या पानवाल्याने घरी आणून सोडलं. दारातच पाणी मागितलं मी. त्याने विहिरीचं काढून दिलं.

बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहायची भीती वाटते.

विहीर एकोणीस.

२६ फेब्रुवारी

सगळी वही पुन्हा वाचली. पानोपानी 'ही'. हिने पसंत केलं. हिची आठवण. ही बरं म्हणाली.

ही म्हणजे कोण?

नाव असतं तर धरून ठेवलं असतं. एका पानावर, एकदा तरी लिहिलं असतं. लिहिलं नाही. परकं वाटेल म्हणून.

पेटीतून मृत्यूचा दाखला काढला. त्यात नाव आहे. तीनदा वाचलं. यादीतलं नाव वाचावं तसं. पेटी मिटेपर्यंत गेलं. पुन्हा काढला, हातावर लिहून घेतलं. तोंड धुताना पुसलं गेलं.

आवाज आता दर तासाला. दिवसाउजेडी. मी काही आठवायला लागलो की येतो. म्हणून काही आठवायचं नाही असं ठरवलं. पण मग ते तसंही —

२७ फेब्रुवारी

बाळे, हे तुझ्यासाठी. डोकं ठिकाणावर आहे तोवर.

इथलं पाणी पिऊ नकोस. कितीही शोष पडला तरी. पहिल्या घोटाला बरं वाटतं, तेच वाईट. एक दिवसही राहू नकोस. मला सोबत न्यायचा प्रयत्न करू नकोस, मी केला.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. ती नऊ तारखेच्या पानावर आहे. ते पान फाडून ने. मला आता ते वाचून काही होत नाही. कुणा म्हाताऱ्याने कुणा बाईला पाणी दिलं नाही, एवढंच दिसतं. मला त्याचं वाईट वाटायचं, बाळे. फार वाटायचं. ते माझं होतं.

पान तू ठेव. तुला तरी वाईट वाटू दे.

विहिरीच्या तोंडावर पत्रा टाकला, वर कुलूप. किल्ली कौलावर फेकली. दारावर कागद लावला. पाणी पिऊ नकोस.

२८ फेब्रुवारी

शोष.

डबे संपले. जीभ सुजली.

मोजपात्र टेबलावर आहे. साडेसातशेवर रेघ. नळ नाही, प्रयोगशाळा नाही, घरात मोजपात्र कशाला —

कुणीतरी मागितलं होतं. मी म्हटलं उद्या. कोण —

बाई कुंपणापाशी आल्या होत्या. शिडी आणली त्यांनी. म्हणाल्या, किल्ली कौलावर चमकतेय, हट्ट कशाला करता. मी नको म्हटलं. नको नको म्हटलं. त्या थांबल्या. त्यांनी जबरदस्ती केली नाही. शिडी लावून ठेवून गेल्या.

शिडीला नऊ पायऱ्या. मोजल्या. दुसऱ्यांदा मोजल्या, आठ —

एक पायरी —

ही असती तर —

१ मार्च

छान झोप लागली. घर हलकं वाटतं.

दारावर कुणीतरी कागद चिकटवलाय. पाणी पिऊ नकोस. अक्षर चांगलं आहे. काढून टाकला.

मुलगी चारच्या गाडीने येते. तिची खाट मागच्या खिडकीशी लावली, वारा बरा येतो. प्रवासात घशाला शोष पडला असेल. विहिरीला आज भरपूर पाणी आहे, काठाला लागलंय. तांब्या भरला. उगाच त्यावर फुंकर घातली.

पुढच्या खोलीत एका बाईचा फोटो आहे. घराबरोबरच आला असावा. चेहरा बरा आहे. उतरवून ठेवावा का, मुलीला परकं वाटेल —

कोपऱ्यावर रिक्षा थांबली. पेला विसळून घेतो, म्हणजे आल्याआल्या पहिला घोट —